करिअर निवडण्याआधी स्वतःची ओळख: कोकणातल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांसाठी २०१२ साली स्वतंत्र कोकण विभागीय मंडळ झालं आणि तेव्हापासून दहावी-बारावीच्या निकालात कोकण राज्यात पुढेच राहिलं आहे. निकालाच्या दिवशी पेढे वाटून होतात आणि संध्याकाळी खळ्यात बसलेलं कोणीतरी विचारतं, “मगे, फुडे काय करतलंस?” मुलाच्या हातात टक्के असतात, उत्तर नसतं. मग टक्के चांगले म्हणून सायन्स, सायन्स घेतलं म्हणून नीट नाहीतर जेईई आणि तिथे जमलं नाही तर मिळेल ते, असा प्रवास सुरू होतो. या सगळ्यात ‘मी कसा आहे’ हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

दहावी-बारावीच्या मुलांशी या विषयावर बोलण्याचं काम मी करते. आपल्या मुलांत हुशारी कमी नाही, मेहनतही कमी नाही. कमी पडते ती स्वतःबद्दलची माहिती. १९०८ साली अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांनी तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारं केंद्र काढलं. त्यांनी सांगितलेला क्रम साधा होता: आधी स्वतःला ओळखा, मग कामांची माहिती घ्या, मग दोन्ही समोर ठेवून विचार करा. आपण मात्र दुसऱ्या पायरीपासून सुरुवात करतो. कोर्स कुठला, फी किती, पॅकेज किती.

पुढे दिलेलं वहीतलं काम तीन-चार आठवड्यांचं आहे, रोज अर्धा तास. त्यासाठी दोनशे पानी वही घ्या. मोबाइलवर लिहू नका, कारण लिहिलेलं खोडायचं आहे, बाण काढायचे आहेत, मागचं पान उलटून बघायचं आहे. आणि पालकांना विनंती: ही वही मुलाने दाखवली तरच बघा.

पहिली पायरी: केलेल्या कामांतून कौशल्यं शोधा

“तुला काय चांगलं येतं?” असं विचारलं की दहातली आठ मुलं “काही विशेष नाही” म्हणतात. प्रश्नच चुकतो. त्याऐवजी असं विचारा: गेल्या तीन-चार वर्षांत मी स्वतः केलेली, पार पडलेली आणि करताना बरं वाटलेली कामं कोणती? अशी सात कामं लिहा. त्यातली शाळा-कॉलेजातली दोनपेक्षा जास्त नकोत. बाकीची घरातली, वाडीतली, बंदरावरची, देवळातली चालतील. शिमग्यात पालखीच्या वर्गणीचा हिशेब ठेवला असेल, गणपतीचं मखर केलं असेल, नमनात सोंग घेतलं असेल, काकांबरोबर आंब्याची कलमं बांधली असतील, घरी उतरलेल्या पर्यटकांना किल्ला दाखवला असेल, शेजारच्या लहान मुलीला पाढे शिकवले असतील.

प्रत्येक कामावर एक पानभर लिहा. सुरुवात कशी झाली, पहिल्यांदा काय केलं, कुठे अडलं, तेव्हा काय केलं, शेवटी काय झालं. ‘मदत केली’, ‘भाग घेतला’ असे शब्द लिहायचे नाहीत. हातांनी, डोळ्यांनी, तोंडाने नेमकं काय केलं ते लिहायचं.

हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो. तिथे आईबरोबर जाणाऱ्या बारावीतल्या एका मुलीने वहीत लिहिलं होतं, ‘आईला मदत करते.’ तिला म्हटलं, एका संध्याकाळचं सगळं लिही. मग कागदावर आलं ते असं. पाटीतली सुरमई बघताना ती कल्ला उघडून आतला रंग बघते, डोळा वर आहे की खोल गेलाय ते बघते, अंगठ्याने दाबून खळगा राहतो का बघते. भाव पुकारला जात असताना डोक्यातल्या डोक्यात हिशेब चालू असतो, की या भावाने घेतली, बर्फ आणि टेम्पोचं भाडं लावलं, तर दापोलीच्या बाजारात काय सुटेल. आई किती भावापर्यंत जाणार ते दोघींनी आधीच ठरवलेलं असतं आणि बोली त्यापुढे गेली की ती आईचा हात धरून थांबवते. कोणत्या हॉटेलवाल्याकडे मागचे किती राहिलेत तेही तिलाच विचारायचं.

आता यातली क्रियापदं वेगळी काढा: मालाची प्रत पारखणं, गोंगाटात तोंडी हिशेब करणं, ठरवलेल्या मर्यादेवर थांबणं, उधारीची नोंद ठेवणं. ही कौशल्यं मासळी निर्यात करणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीला लागतात, मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागात लागतात, बँकेत कर्जाचे अर्ज तपासताना लागतात. तिच्या यादीत त्याआधी एकच ओळ होती, ‘मैत्रीण जाणार म्हणून बी.कॉम.’

सातही पानांतली क्रियापदं अशी काढून झाली की त्यांना खुणा करा. जे सहज जमतं आणि करताना वेळेचं भान राहत नाही, त्याला एक खूण. जे जमतं पण केल्यावर जीव थकतो, त्याला दुसरी. जे अजून येत नाही पण ज्याकडे मन ओढ घेतं, त्याला तिसरी.

दुसऱ्या खुणेकडे नीट लक्ष द्या, कारण नुकसान तिथेच होतं. घरातल्या थोरल्या मुलीला सगळं सांभाळायची सवय असते, ती ते उत्तम करते आणि सगळे म्हणतात, “ही शिक्षिका नाहीतर नर्स होणार.” पण तिला सांभाळायचा कंटाळा आलेला असू शकतो. गणितात ९५ पडतात म्हणून गणित आवडतंच असं नाही. जमतं ते केलंच पाहिजे अशी कुणावर सक्ती नाही. पहिल्या खुणेची कौशल्यं जिथे रोज वापरायला मिळतील, ते काम माणूस वर्षानुवर्षं करू शकतो.

यानंतर तीन माणसांना भेटा. आईवडील सोडून. एक शिक्षक, एक मित्र किंवा मैत्रीण आणि एक असं माणूस ज्याच्या हाताखाली तुम्ही कधी काम केलंय. त्यांना दोनच प्रश्न विचारा: “मी एखादं काम घेतलं की तुम्हाला कशाची काळजी नसते? आणि कशाची असते?” उत्तर ऐकताना खुलासे देऊ नका, फक्त लिहून घ्या. तिघांच्या बोलण्यात एकच गोष्ट आली तर ती खरी धरायला हरकत नाही.

इंग्रजी बोलता न येणं हे आपली मुलं कौशल्यांच्या पानावर मोठ्या अक्षरात उणीव म्हणून लिहितात आणि त्या एका ओळीपायी अर्धे पर्याय खोडून टाकतात. असं करू नका. इंग्रजी शिकता येतं. रोज बोललं, ऐकलं तर वर्षभरात कामापुरतं येतं. न शिकलेली गोष्ट आणि न मानवणारी गोष्ट या दोन वेगळ्या रकान्यांत लिहा.

दुसरी पायरी: स्वभाव

इंटरनेटवर माणसांचे सोळा प्रकार सांगणाऱ्या चाचण्या आहेत आणि मुलं त्यातली चार अक्षरं नावापुढे पदवी लावावी तशी लावतात. करमणूक म्हणून ठीक. पण तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो, म्हणून तिच्यावर कॉलेज ठरवू नका. मानसशास्त्रज्ञ स्वभाव मोजताना पाच गोष्टींवर जास्त भर देतात: नव्याची ओढ, नेटकेपणा, लोकांत रमणं, इतरांशी जुळवून घेणं आणि ताणाने लवकर हलून जाणं. यात कुणी ‘या गटातला’ नसतो. प्रत्येक गोष्ट कुणात थोडी, कुणात जास्त, बहुतेकांत मध्यम असते.

आवडींसाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांची १९५९ पासूनची मांडणी जगभर वापरली जाते. त्यांनी कामाच्या आवडी सहा प्रकारच्या मानल्या. होडीचं इंजिन खोलून बसणारा हातांचा माणूस, भरती-ओहोटीची कारणं शोधणारा जिज्ञासू, सावंतवाडीची लाकडी खेळणी रंगवणारा कलावंत, वाडीतल्या मुलांना पोहायला शिकवणारा लोकांचा माणूस, काजूचा धंदा उभा करणारा उद्योगी आणि पतपेढीचं खातं पैशापर्यंत जुळवणारा नेटका. बहुतेक माणसांत यातले दोन-तीन मिसळलेले असतात. तुमचे कोणते ते वहीतल्या सात कामांवरून कळेल. चाचणी द्यायचीच असेल तर ती वही भरल्यानंतर द्या. महाराष्ट्राच्या महाकरिअर पोर्टलवर नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासक्रम आणि व्यवसायांची माहिती आहे आणि केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिसवर समुपदेशनाची सोय आहे, तीही बघा.

मला यापेक्षा उपयोगी वाटतो तो साधा सराव. दोन दिवस आठवा. एक, ज्या संध्याकाळी तुम्ही दमला होतात पण समाधानी होतात. दुसरा, फारसं काम नसताना पार गळून गेला होतात तो. दोन्ही दिवसांची परिस्थिती लिहा. आजूबाजूला किती माणसं होती? ओळखीची की अनोळखी? काम रोजचं होतं की नवं? ठरवत कोण होतं, तुम्ही की दुसरं कुणी? अंगमेहनत किती? आणि कामाचं फळ कधी दिसलं? हा शेवटचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. जेवणाचं फळ तासाभरात दिसतं, शिकवण्याचं दहा वर्षांनी, हापूसचं कलम लावलं तर नीट उत्पन्न यायला कित्येक वर्षं जातात. काहींना तेवढा धीर असतो. काहींना संध्याकाळी काहीतरी पूर्ण झालेलं दिसलंच पाहिजे. दोघांतला कुणीच चूक नाही, पण त्यांची कामं वेगळी आहेत.

हे जहाजावरच्या नोकरीला लावून बघू. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत तिचं आकर्षण मोठं आहे आणि पगार बघता ते साहजिक आहे. पण दिवस कसा असतो? मालवाहू जहाजावर वीसेक माणसं, महिनोन् महिने तीच. वॉच म्हणजे कामाची पाळी चार तासांची, मग आठ तास सुट्टी, पुन्हा चार तास, रविवार असो की गणपती. घरी आजारपण निघालं तरी पुढच्या बंदरापर्यंत हातात काही नसतं. मग करार संपला की सलग काही महिने घरी, पूर्ण मोकळे. ज्याला ठरलेलं काम आवडतं, मोजक्या माणसांत जमतं, आणि एकटेपणा खायला उठत नाही, त्याला हे आयुष्य मानवतं. ज्याला रोज संध्याकाळी पारावर जाऊन दहा जणांशी बोलल्याशिवाय झोप येत नाही, त्याने पगाराच्या आकड्याआधी हा परिच्छेद पुन्हा वाचावा. आणखी एक, फी भरण्याआधी डोळे तपासून घ्या. रंग ओळखण्यात दोष असेल तर डेकवरच्या कामासाठी वैद्यकीय तपासणीतच अडतं आणि हे पैसे भरल्यावर कळलेली मुलं मी पाहिली आहेत.

मालवण-तारकर्लीचा होमस्टे बाहेरून स्वतःच्या घरातलं आरामाचं काम वाटतं. पहाटे सहाला चहा, रात्री उशिरा येणारी गाडी, ‘डॉल्फिन कधी दिसतात’ हा एकच प्रश्न पन्नासदा, तोही हसून ऐकायचा. दिवाळीपासून मेपर्यंत उसंत नाही आणि पावसाळ्यात हात रिकामे. अनोळखी माणसांनी ज्याला हुरूप येतो त्याच्यासाठी हे सोन्यासारखं काम आहे.

बुजऱ्या मुलांसाठी थोडं वेगळं सांगते. बुजरेपणा आणि एकांताची आवड एक नव्हे. एखाद्याला माणसं हवी असतात पण बोलायची भीती वाटते. भीती सरावाने जाते. दुसऱ्याला भीती नसते, त्याला एकट्यानेच काम करायला बरं वाटतं. पहिल्याने विक्री, शिक्षण, वकिली हे पर्याय भीतीपोटी खोडू नयेत.

तिसरी पायरी: मूल्यं

इथे घाई करू नका. कौशल्य आणि स्वभाव जुळला तरी मूल्यं जुळली नाहीत तर माणूस चांगल्या नोकरीतही आतून नाराज राहतो. तुमची मूल्यं कोणती हे ओळखायचं तर एवढंच विचारा: कशासाठी मी कशावर पाणी सोडेन?

ही यादी वहीत उतरवा आणि तुमचे शब्द तिच्यात घाला: दर महिन्याला ठरलेलं उत्पन्न, भरपूर पैसा, स्वतःच्या मनाने काम करणं, समाजात मान, आईवडिलांजवळ असणं, लोकांच्या उपयोगी पडणं, सतत नवं शिकणं, हाताने काही घडवणं, मोकळा वेळ, समुद्र आणि झाडांच्या जवळ राहणं, चांगले सोबती, अन्यायाविरुद्ध उभं राहणं. यातले पाच ठेवा. पाचही ‘महत्त्वाचे’ वाटतील, म्हणून दोन-दोन समोरासमोर ठेवून पैशांत आणि तासांत भांडायला लावा. समजा, गावापासून वीस मिनिटांवर १८ हजारांची नोकरी आहे आणि पुण्यात ३५ हजारांची. पुण्यात खोलीचे सात, खाणावळीचे चार, येण्याजाण्याचे आणि किरकोळ पाच हजार गेले की उरतात १९. गावात पेट्रोल आणि घरखर्चाला चार दिले तर उरतात १४. फरक १७ हजारांचा वाटत होता, तो पाच हजारांवर आला. आता दुसरी बाजू: पाच वर्षांनी पुण्यातला पगार कुठे असेल आणि गावातला कुठे? या हिशेबानंतर तुमचं मन कुठे जातं ते लिहा. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.

वागणं तपासणं हाही एक उपाय. गेल्या महिन्यात मोकळा वेळ आणि हातातले पैसे कशावर गेले? ‘समाजसेवा’ पहिल्या क्रमांकावर लिहिली असेल आणि वर्षभरात कुणासाठी एक तासही दिला नसेल, तर ते मूल्य ऐकून घेतलेलं आहे, अजून तुमचं झालेलं नाही.

मूल्य कुणाचं आहे हे कोकणात विचारावंच लागतं, कारण आपल्या घरांच्या निवडीमागे इतिहास आहे. डोंगरउतारावरची तुकड्या-तुकड्यांची जमीन, पावसावरचं एकच भातपीक आणि खाणारी तोंडं जास्त. म्हणून घरातला एक जण मुंबईच्या गिरणीत गेला, बायका-म्हाताऱ्यांनी शेती सांभाळली आणि घर मनीऑर्डरवर चाललं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि कितीतरी घरांतली ती मनीऑर्डर थांबली. ज्यांनी लहानपणी ते दिवस काढले ते आज आजोबा किंवा वडील आहेत. ते “सरकारी नोकरी बघ” म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर काय असतं ते त्यांच्याकडून एकदा शांतपणे ऐकून घ्या. मग वहीत लिहा: त्यांना हवी आहे ती सुरक्षितता मलाही हवी आहे का? असेल तर ती सरकारी नोकरीतूनच यावी लागते का? ज्या हुनराला प्रत्येक गावात गिऱ्हाईक आहे तोही सुरक्षितता देतो. नर्सिंग, वायरमनचं काम, शीतपेट्यांची दुरुस्ती ही तशी कामं आहेत.

आता आपल्याकडचा सगळ्यात मोठा प्रश्न, राहायचं की जायचं. ‘मला गावातच राहायचंय’ किंवा ‘मला इथून बाहेर पडायचंय’ ही वाक्यं मूल्यं नव्हेत. त्यांच्या पोटात मूल्यं लपलेली असतात, ती फोडून बाहेर काढा. गावात राहायचंय ते आईवडिलांचं वय झालंय म्हणून? कलमांची बाग कुणीतरी बघायला हवी म्हणून? समुद्राशिवाय करमत नाही म्हणून? की शहराची धास्ती वाटते म्हणून? प्रत्येक कारणाचा मार्ग वेगळा. आईवडिलांची काळजी असेल तर चिपळूण किंवा रत्नागिरीतली नोकरी पुरेशी आहे, शनिवारी घरी येता येतं. जहाजावरच्या माणसालाही सलग महिने घरी मिळतात. बाग असेल तर फळशास्त्र शिकून तीच वाढवता येईल. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे नावाची नोंदणी, वेष्टन, थेट विक्री यांत आता शिकलेल्या माणसाचं काम आहे. आणि कारण शहराची धास्ती असेल तर तिला मूल्य म्हणू नका. एक महिना मावशीकडे ठाण्याला राहून बघा.

तसंच उलट बाजूने. वाडीतल्या नजरा, जात, घरातली भांडणं यांपासून लांब जायचं असेल तर ते स्पष्ट लिहा. मोकळेपणा हे खरं मूल्य आहे आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही.

सगळी मूल्यं पगाराच्या कामातूनच पुरी झाली पाहिजेत असंही नाही. दापोलीजवळच्या मुरूडचे महर्षी धोंडो केशव कर्वे १८९१ साली फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले आणि १९१४ पर्यंत तिथे शिकवत राहिले. विधवांच्या शिक्षणाचं काम त्यांनी १८९६ साली, म्हणजे नोकरीत असतानाच सुरू केलं. महिला विद्यापीठ १९१६ साली आलं. गणित हे त्यांचं कौशल्य होतं, त्यावर घर चाललं, आणि मूल्याचं काम शेजारी वाढत गेलं. ज्यांना ‘आवड की पोट’ असा प्रश्न पडतो त्यांनी आधी बघावं की दोन्ही शेजारी-शेजारी चालतील का.

मुलींना बऱ्याचदा सांगितलं जातं, सासर कुठे मिळेल ते ठरल्यावर बघू. कुठेही गेलं तरी जे काम बरोबर नेता येतं त्याला महत्त्व द्या, हा सल्ला व्यवहाराचा आहे. पण न ठरलेल्या लग्नासाठी ठरलेली आवड सोडू नका. तुमच्या पाच शब्दांत ‘स्वतःचं उत्पन्न’ असेल तर ते लग्नाच्या बोलणीतही सांगायचं, हे आजच वहीत लिहून ठेवा.

चौथी पायरी: पर्यायांचा आतला तपशील

आता कुठे कोर्सकडे वळायचं. पाचच पर्याय घ्या आणि प्रत्येकाखाली लिहा: पहिल्या खुणेतली माझी कोणती कौशल्यं यात रोज लागतील, माझ्या बऱ्या दिवसाची परिस्थिती यात कितपत आहे, माझ्या पाच मूल्यांपैकी कोणती मिळतील आणि कोणती सोडावी लागतील. शेवटचा भाग मोकळा सोडू नका. ज्यात काहीच सोडावं लागत नाही असा पर्याय दिसला तर माहिती अपुरी आहे असं समजा.

पर्याय शोधताना जवळचं आधी बघा. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे आणि शेतीबरोबर उद्यानविद्या, वनशास्त्रही शिकवतं. रत्नागिरीजवळ शिरगावला त्याचंच मत्स्य महाविद्यालय आहे, बारावी विज्ञाननंतर चार वर्षांची पदवी. किनाऱ्यावर वाढलेली मुलं याचा विचार कमी करतात, कारण घरच्यांना वाटतं की मासेमारी सोडायची म्हणून तर शिकवलं. या पदवीतून कोळंबी संवर्धन, मासळी प्रक्रिया, संशोधन, मत्स्य विभागाच्या स्पर्धा परीक्षा असे रस्ते निघतात. लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षण संस्था आहे. तालुक्याच्या आयटीआयला नाक मुरडू नका. ज्याच्या सात कामांत चार वेळा ‘उघडलं, दुरुस्त केलं, जोडलं’ आलंय त्याला तिथे शिकायला मिळतं ते इतरत्र मिळणार नाही.

जहाजाच्या नोकरीबाबत एक सावधगिरी. संस्था नौवहन महासंचालनालयाची मान्यता असलेली आहे का ते त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर बघा, आणि नोकरी लावणाऱ्या एजन्सीकडे आरपीएसएल परवाना, म्हणजे खलाशी भरतीचा सरकारी परवाना, आहे का तेही. जहाजावर लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं नियमात बसत नाही. ‘पाच लाख द्या, जॉइनिंग पक्कं’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा, तो गावातला ओळखीचा असला तरी.

पाचवी पायरी: थोडं करून बघा

वहीतला अंदाज खरा आहे का हे काम जवळून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि कोकणाचं वर्षच यासाठी सोयीचं आहे. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पॅकिंगला माणसं लागतात, आठ दिवस जा. प्रतवारी, पेट्या, गाड्यांचं वेळापत्रक, बागायतदाराचं फोनवरचं बोलणं सगळं दिसेल. १ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा जाळी शिवत बसलेले होडीवाले निवांत बोलतात. एरवी त्यांना वेळ नसतो.

आणि सगळ्यात मोठी संधी गणपतीत. एरवी मुंबई-पुण्यात असलेले वाडीतले बँकवाले, नर्स, बेस्टचे चालक, सॉफ्टवेअरवाले, वकील पाच दिवस तुमच्या हाकेच्या अंतरावर असतात. आरती झाली की एखाद्याजवळ बसा. “काका, तुमच्या फिल्डमध्ये स्कोप आहे का?” असं विचारू नका, त्याला ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर येतं. असं विचारा: “गेल्या मंगळवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुम्ही काय काय केलंत?” “या कामातलं काय नको वाटतं?” “नव्याने लागलेल्या मुलाच्या हातात पहिल्या वर्षी किती पडतात?” “हे काम सोडून गेलेले लोक का गेले?” “गणपतीची रजा मिळवायला काय करावं लागलं?” शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या मूल्यांच्या पानाशी लावून बघा. ज्याच्या यादीत घर वरच्या जागी आहे त्याला ते उत्तर खूप काही सांगून जाईल.

एकाच माणसाच्या बोलण्यावर ठरवू नका. एका कामातली निदान तीन माणसं गाठा, त्यातलं एक नाखूश असलेलं.

सहावी पायरी: घरात बोलणं

आईवडिलांसमोर निर्णय घेऊन जाऊ नका, वही घेऊन जा. निवांत वेळ बघा, निकालाचा दिवस नको. सुरुवात त्यांच्या काळजीपासून करा. “बाबा, तुम्हाला माझ्या नोकरीची काळजी वाटते ते मला कळतं. मी तीन पर्याय काढलेत, प्रत्येकाचा खर्च आणि पहिल्या वर्षीचा पगार विचारून आलोय. तुम्ही बघा आणि कुठे खोट वाटते ते सांगा.” असं बोलणाऱ्या मुलाला वडील क्वचितच उडवून लावतात, कारण त्याने हिशेब केलेला त्यांना दिसतो. फीचा आकडा लपवू नका. कर्ज घ्यावं लागणार असेल तर हप्ता किती, कधी सुरू होईल, पहिल्या पगारातून तो भागेल का, हे त्यांच्याबरोबर बसून लिहा.

पालकांनीही एक करावं. “लोक काय म्हणतील” हे कारण असेल तर ते उघडपणे सांगावं, त्याला “तुला झेपणार नाही” असं रूप देऊ नये. मुलं ते दुसरं वाक्य खरं मानतात आणि वर्षानुवर्षं बाळगतात.

ठरलं की पर्याय एक आणि पर्याय दोन लिहा आणि शेजारी तारीख टाका: अमुक महिन्यापर्यंत प्रवेश झाला नाही तर दुसऱ्याकडे वळायचं. वर्ष वाया घालवून पुन्हा नीट द्यायची की नाही हा वाद जिथे होतो, तिथे ही तारीख आधी ठरलेली असली तर भांडण टळतं.

नोकरीत असलेल्यांसाठी

ही वही पंचविशीत किंवा चाळिशीतही भरता येते, फक्त सात कामं नोकरीतली आणि नोकरीबाहेरची अशी मिसळून घ्या. मुंबईतून गावी परतायचा विचार करणाऱ्यांनी राजीनाम्याआधी मूल्यांचं पान भरावं आणि गावात एक पूर्ण पावसाळा काढून बघावा, मे महिन्यातलं गाव बघून ठरवू नये. जून ते सप्टेंबर वीज जाते, रस्ता खचतो, पर्यटक नसतात, भाताची लावणी चालू असते. ते दिवस ज्याला सोसवतात त्याने मग सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी शिल्लक बाजूला काढावी, घरातल्या सगळ्यांशी बोलावं, मुलांच्या शाळेचं आणि आजारपणात जवळचं रुग्णालय किती अंतरावर आहे याचं बघून ठेवावं आणि त्यानंतर नोटीस द्यावी.